आईच्या घराची फरशी बदलली तेव्हा

मागच्या दिवाळीच्या आधी आम्ही आईच्या कोथरूडच्या फ्लॅटची सगळी फरशी बदलली. बिल्डिंग १९८६ची, दुसरा मजला, लिफ्ट नाही, आणि घरात पहिल्यापासूनची चिप्सची फरशी, ती करडी-पांढरी मोझॅक, मशीनने घासून पॉलिश केलेली. आमचं बालपण त्याच फरशीवर गेलं, उन्हाळ्यात दुपारी चटई पण न टाकता तिच्यावर झोपायचो एवढी गार लागायची. पण गेल्या पाच-सहा वर्षांत किचनमधल्या मोरीच्या कडेच्या फरश्या तडकल्या, खालून ओल यायला लागली, पाय ठेवला की एक फरशी डुगडुगायची आणि कितीही पुसलं तरी घर पुसल्यासारखं दिसायचं नाही.

तरी आई बदलायला तयार नव्हती. तिला भीती होती ती वेगळीच. दोन वर्षांपूर्वी भावाकडे वाकडला राहायला गेली होती, त्याच्या नवीन फ्लॅटमध्ये आरशासारख्या चकचकीत टाइल्स, बेसिनपाशी थोडं पाणी सांडलेलं ते दिसलंच नाही आणि आई घसरली. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. त्यानंतर ती म्हणायची, माझी जुनी फरशी तडकलेली असली तरी मला पाडत नाही. त्यामुळे आमचं सगळं शोधणं या एका गोष्टीपासून सुरू झालं, आईचा पाय घसरता कामा नये. रंग, डिझाइन, भाव सगळं त्याच्यानंतर.

बहीण दुबईला असते, तिने फोनवर सांगितलं पोर्सेलिनच घे, सिरॅमिक घेऊ नकोस. मी दुकानात जाऊन पोर्सेलिन मागितलं तर तो मुलगा म्हणाला मॅडम आपल्याकडे विट्रिफाइड आहे, जीव्हीटी आहे, पीजीव्हीटी आहे, डबल चार्ज आहे, कोणतं दाखवू. पहिल्या दिवशी मी नुसती कॅटलॉग घेऊन घरी आले कारण डोकं चालेना. मग दोन-तीन दुकानं फिरल्यावर, विचारून विचारून कळलं की बाहेरच्या देशात ज्याला पोर्सेलिन म्हणतात तेच आपल्याकडे विट्रिफाइड म्हणून विकलं जातं. बारीक दळलेली माती, फेल्डस्पार नावाचं खनिज वगैरे प्रचंड दाबाने दाबून साधारण १२०० डिग्रीला भाजतात, मग ती इतकी घट्ट होते की पाणी जवळजवळ पीतच नाही, वजनाच्या अर्धा टक्क्याच्या आतच. साधी सिरॅमिक त्याच्या कितीतरी पट पाणी पिते. आणि बहुतेक सगळा माल येतो गुजरातच्या मोरबीहून, दुकान कोणतंही असो, बॉक्सच्या कोपऱ्यात बघितलं की मोरबी लिहिलेलं सापडतंच.

कात्रज-कोंढवा रोडला एका दुकानात बसलेले वयस्कर गृहस्थ होते, त्यांनी मला हे करून दाखवलं. एक भिंतीची सिरॅमिक टाइल आणि एक विट्रिफाइड, दोन्ही उलट्या ठेवल्या आणि बाटलीतलं थोडं थोडं पाणी मागच्या बाजूला टाकलं. सिरॅमिकवरचा डाग बघता बघता पसरला, गडद झाला आणि पाणी आत गेलं. विट्रिफाइडवर थेंब तसाच फुगून बसला होता, आम्ही पाच मिनिटं बोलत बसलो तरी तिथेच. हे अगदी घरीसुद्धा करता येतं, सँपल घेऊन या आणि उलटं करून पाणी टाका.

आता ते बाकीचे शब्द. डबल चार्ज म्हणजे वरचा तीन-चार मिलिमीटरचा थर रंगीत मातीचाच असतो, त्यामुळे झिजली किंवा ओरखडा पडला तरी रंग तोच राहतो, पण डिझाइन कमी आणि बहुतेक सगळ्या पॉलिश केलेल्या. जीव्हीटी म्हणजे खाली विट्रिफाइड, त्याच्यावर प्रिंट, त्याच्यावर काचेसारखा ग्लेझचा थर, यात लाकूड, दगड, सिमेंट काय वाटेल ते डिझाइन मिळतं आणि मॅट पण मिळतं. त्याच जीव्हीटीला घासून चकचकीत केलं की पीजीव्हीटी. भावाकडे आहे ती हीच. दिसायला फार सुंदर, हॉल एकदम मोठा वाटतो, पण वय झालेलं माणूस घरात असेल तर मी तरी कोणाला सांगणार नाही.

आम्ही मॅट जीव्हीटी घ्यायचं ठरवलं. कॅटलॉगच्या मागे आर ९, आर १० असे आकडे असतात, आकडा जेवढा मोठा तेवढी पायाला पकड जास्त. आर ११ पण पाहिली पण ती हाताला पॉलिश पेपरसारखी खरखरीत लागली, घरात पुसताना फडकं अडकलं असतं. आर १० ठरली. पण आकड्यावर विश्वास ठेवायला आई तयार नव्हती, ती स्वतः दुकानात आली, चपला काढल्या, मला म्हणाली पाणी टाक. मी सँपलवर बाटलीतलं पाणी ओतलं, आईने माझा हात धरून आधी एक पाय ठेवला, मग दुसरा, टाच थोडी पुढेमागे करून बघितली. तीन सँपल असे बघितले, आणि तिसऱ्यावर तिने माझा हात सोडला. तीच घेतली, फिकट वाळूच्या रंगाची, बारीक दाणे असलेली, थोडी शहाबादीची आठवण येते अशी.

साइझ दोन बाय चार फूट म्हणतात, खरी त्याहून किंचित लहान. एका बॉक्समध्ये दोन टाइल, म्हणजे साडेपंधरा चौरस फूट. इथे हिशोब नीट सांगते कारण बरेच जण स्कर्टिंग विसरतात. आमचा तळ भरला ५४० चौरस फूट. भिंतीच्या कडेची चार इंची पट्टी सगळ्या खोल्या मिळून साधारण १८० फूट लांब, एका टाइलमधून चार फुटी सहा पट्ट्या निघतात म्हणजे आठ टाइल, ६४ फूट. झाले ६०४. त्यावर कापाकापीचे आठ टक्के धरले, ६५२. त्याचे ४३ बॉक्स, आणि एक जास्तीचा, ४४. भाव ६८ रुपये फूट पडला जीएसटी धरून. एका बॉक्सचं वजन ३० किलोच्या आसपास, म्हणजे ४४ बॉक्स म्हणजे तेराशे किलो माल दोन जिने चढवायचा, त्या हमालीचे पैसे आधीच ठरवून घ्या, गाडी दारात उभी राहिल्यावर बोलायला जागा राहत नाही.

घ्यायच्या आधी दोन टाइल समोरासमोर, म्हणजे तोंडाला तोंड लावून उभ्या धरायच्या आणि कुठे फट दिसते का बघायचं. लांब टाइल भट्टीतून येताना मधे किंचित फुगलेली असू शकते. आमच्या टाइलला टोकांना अगदी पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट होती, तेवढी चालते असं दुकानात म्हणाले, पण मग विटांसारखं अर्ध्यावर अर्धं डिझाइन लावायचं नाही, कारण एकीचा फुगलेला मध्य दुसरीच्या कोपऱ्याशी येतो आणि कड पायाला लागते. आम्ही सरळ रेषेत लावल्या.

मग माल आला आणि पहिला घोळ झाला. प्रत्येक बॉक्सवर शेड आणि बॅच नंबर छापलेला असतो. हमाल चढवत होते आणि मी दारात वही घेऊन प्रत्येक बॉक्सचा नंबर लिहून घेत होते, नवरा म्हणत होता एवढं काय, सगळं एकच आहे. ३८ बॉक्स एका बॅचचे आणि शेवटचे सहा दुसऱ्याच. दुकानात फोन केला तर म्हणे मॅडम तोच आर्टिकल आहे, लावल्यावर काही कळत नाही. आम्ही दोन्हीतली एक एक टाइल काढून गॅलरीत शेजारी शेजारी ठेवली. दुपारच्या उजेडात खरंच काही कळत नव्हतं. संध्याकाळी पाचला तिरपं ऊन आलं तेव्हा एक स्पष्ट पिवळसर दिसायला लागली. आणि मिस्त्रींनी टेप लावला तर लांबीत जवळजवळ एक मिलिमीटरचा फरक. भट्टीत माती आकसते, प्रत्येक वेळी अगदी तेवढीच आकसते असं नाही, त्यामुळे हे होतं. एक मिलिमीटर ऐकायला काहीच नाही, पण हॉलमध्ये टाइल ओळीने लागतात, शेवटपर्यंत जॉइंट सरकत सरकत जातो.

त्या बॅचचा माल दुकानात शिल्लकच नव्हता. दोन चकरा झाल्या, आवाज पण चढले, शेवटी त्यांनी चूक मान्य करून दोन बॉक्सचे पैसे सोडले. आणि उपाय सुचवला तो मिस्त्रींनी. म्हणाले, ताई, किचनच्या दारात उंबऱ्याची ग्रॅनाइटची पट्टी येणारच आहे, हे सहा बॉक्स पूर्ण किचनला लावू, पट्टीच्या अलीकडे एक बॅच आणि पलीकडे एक, शेजारी शेजारी येतच नाहीत मग कोणाला कळणार. किचनचा मोकळा तळ ७५ फूट, सहा बॉक्स म्हणजे ९३, बरोबर बसलं. आता कोणी सांगितल्याशिवाय ओळखू शकत नाही. पण मी नंबर लिहिले नसते तर ते सहा बॉक्स हॉलच्या मधेच कुठेतरी लागले असते.

मिस्त्री लातूरकडचे, पन्नाशीचे, वीस-बावीस वर्षं पुण्यात फरशीचंच काम करतात. पहिल्या दिवशी त्यांनी माल बघितला नाही, खिशातून एक नाणं काढलं आणि उकिडवं बसून जुनी फरशी ठोकत ठोकत सगळ्या घरभर फिरले. भरीव असेल तिथे टक टक असा कोरडा आवाज, पोकळ असेल तिथे ढब ढब. पोकळ फरशीवर खडूने फुली. हॉल आणि दोन बेडरूममध्ये सगळ्या मिळून अकरा फुल्या निघाल्या, किचनमध्ये मात्र अर्ध्याहून जास्त. त्यांनी सांगितलं हॉल-बेडरूमची फरशी फोडू नका, घट्ट आहे, अकरा तेवढ्या काढून भरून घेऊ आणि वरून टाइल लावू. किचन फोडावंच लागेल. त्यामुळे राडारोडा खूपच कमी झाला, खालच्यांना पण त्रास कमी आणि स्लॅबला दणके नाहीत. फक्त तळ अर्धा इंच वर येतो, सुताराला बोलावून सगळी दारं खालून तासून घ्यावी लागली, ते काम आधी करून घ्या.

आणि इथे एक गोष्ट आहे जी मला दुकानात कोणीच सांगितली नव्हती. पोर्सेलिन पाणी पीत नाही म्हणून आपण ती घेतो, पण त्याच कारणाने साधं सिमेंट तिला धरत नाही. जुनी फरशी, शहाबादी, सिरॅमिक, या सगळ्या सिमेंटचं पाणी थोडं आत ओढून घेतात आणि त्याच्याबरोबर सिमेंट आत रुतून बसतं. पोर्सेलिनला आत शिरायला जागाच नाही. म्हणून सिमेंटचा घोळ ओतून बसवलेल्या टाइल बऱ्याचदा काही वर्षांत पोकळ वाजायला लागतात. तिला ॲडेसिव्ह पाहिजे, पावडर येते २० किलोच्या पिशवीत, पिशवीवर आयएस १५४७७ हा भारतीय मानकाचा नंबर आणि टाइप लिहिलेला असतो. आम्हाला जुन्या फरशीवर लावायचं होतं म्हणून टाइप ३ घेतलं. सगळ्या मिळून १४ पिशव्या लागल्या. खर्च वाढतो हे खरं आहे, पण इथे वाचवू नका असं मी अगदी हात जोडून सांगेन.

जुन्या मोझॅकवर चाळीस वर्षांचं पॉलिश आणि मेण, त्यावर ॲडेसिव्ह पण धरलं नसतं, म्हणून आधी सोड्याच्या गरम पाण्याने घासली, मग छिन्नीने सगळीकडे टोचे मारले, मग धूळ झाडून ओल्या फडक्याने पुसली. दोन दिवस नुसते यात गेले. आई दुसऱ्या खोलीत बसून तो टोचे मारल्याचा आवाज ऐकत होती. काही बोलली नाही, पण संध्याकाळी मजूर गेल्यावर हॉलच्या मधे उभी राहून खाली बघत होती. ती फरशी बाबांनी निवडली होती.

लावायची पद्धत अशी की दातेरी थापीने ॲडेसिव्ह पसरायचं, शेतातल्या सऱ्या दिसतात तसे एका दिशेने उंचवटे, थोडंसं टाइलच्या पाठीला पण चोपडायचं, आणि टाइल ठेवून दाबत थोडी आडवी सरकवायची म्हणजे सऱ्या मोडून सगळीकडे भरतं, आत हवा राहत नाही. एका वेळी फार पसरायचं नाही, पंधरा-वीस मिनिटांत दुधावर येते तशी त्याच्यावर साय धरते आणि मग ते चिकटत नाही. दोन टाइलच्या मधे दोन मिलिमीटरचा स्पेसर, आणि पातळी एक राहावी म्हणून क्लिप आणि पाचर.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री दुपारी दुसऱ्या साइटवर गेले होते, त्यांच्या हाताखालची दोन मुलं मागच्या बेडरूममध्ये लावत होती. मी चहा द्यायला गेले तर काम एकदम भरभर चाललेलं, तासाभरात सहा टाइल. मुलं खाली चहा प्यायला गेल्यावर मी मिस्त्रींचं बघून पर्समधलं नाणं काढलं आणि एका टाइलच्या कडेवर हलकेच वाजवलं. ढब. मधे वाजवलं, टक. दुसऱ्या कडेवर, ढब. ओलं असताना आवाज फसवतो असं नंतर कळलं, पण मला चैन पडेना, मी मिस्त्रींना फोन केला. ते तासाभरात आले, काही न बोलता गुडघे टेकून बसले, टाइलला सक्शनची मूठ लावली आणि जोर लावून उचलली. चिखलातून पाय निघतो तसा आवाज झाला. खाली बघितलं तर सऱ्या नव्हत्याच. चार कोपऱ्यांच्या जरा आत चार गोळे आणि मधे एक, पाच गोळे, लाडवासारखे, आणि बाकी सगळी टाइल पाठीमागून कोरी करकरीत. कडांखाली काहीच नाही. त्याच कडेवर कपाटाचा पाय आला असता तर टाइल तडकलीच असती.

मला वाटलं आता मुलांवर ओरडतील. त्यांनी दोघांना बोलावून ती टाइल उलटी धरून दाखवली, म्हणाले, हितं हात फिरव, काय लागतंय? मुलगा म्हणाला, काय नाय. मग म्हणाले, आजी हितं चालनार हाय. सहाच्या सहा उचलल्या, खरवडून साफ केल्या आणि रात्री नऊपर्यंत बसून स्वतः लावल्या. वाया गेलेल्या ॲडेसिव्हचे पैसे पण आमच्याकडून घेतले नाहीत. तुमच्याकडे काम चालू असेल तर निदान दोन-तीन वेळा तरी लावलेली टाइल तुमच्यासमोर उचलून दाखवायला सांगा, चांगल्या मिस्त्रीला त्याचा राग येत नाही.

सगळे जण सांगतात जॉइंट फ्री लावा, एकाला एक चिकटून, मधे रेघ दिसत नाही, छान दिसतं. आम्ही दोन मिलिमीटर ठेवला आणि भिंतीपाशी सगळीकडे आठ मिलिमीटर मोकळी जागा ठेवली, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. कारण समोरच्या बिल्डिंगमध्ये एका मे महिन्यात दुपारी फटाका फुटल्यासारखा आवाज होऊन हॉलमधली एक आख्खी ओळ तंबूसारखी वर उठलेली मी स्वतः पाहिली आहे. उन्हाने टाइल किंचित वाढते, खालची स्लॅब वेगळी हलते, आणि सरकायला जागाच ठेवलेली नसेल तर ती वरच येणार.

जॉइंट भरायला किचनमध्ये आणि बेसिनपाशी इपॉक्सी, म्हणजे रेझिनचं ग्राउट, बाकी ठिकाणी सिमेंटचं. रंग पांढरा अजिबात घेऊ नका, आम्ही टाइलपेक्षा एक शेड गडद घेतला. इपॉक्सीला हळद-तेलाचा डाग सहसा पडत नाही, पण भरल्यावर लगेच पुसून काढायला लागतं, वेळ गेला की टाइलवर तेलकट ढगासारखा थर बसतो आणि मॅट टाइलवर तर जास्तच. ओट्याखाली दोन टाइलवर तसा राहिला होता, मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी गरम पाणी आणि नायलॉनच्या मऊ घासणीने पाऊण तास घासून काढला.

आता काळजीबद्दल, कारण टाइल लावून झाल्यावर पहिल्या दोन महिन्यांत मी जास्त वैतागले होते. घर पुसलं की वाळल्यावर पट्टे दिसायचे, पायांचे ठसे दिसायचे. मला वाटलं टाइलच खराब आली. काम झाल्यावर मजूर म्हणाला होता ॲसिड मारून देतो, एकदम नवी होईल, ते मी करू दिलं नाही. ॲसिड सिमेंटचे जॉइंट खातं, ते भुसभुशीत होतात, बारीक भोकं पडतात आणि मग त्यात मळ बसतो तो कायमचा. पण पट्टे कशाचे? तर फिनेलचे. आईकडच्या मावशी वीस वर्षांपासून कामाला आहेत, त्यांच्या हाताला जुन्या फरशीची सवय, बादलीत दोन झाकणं फिनेल आणि वरून थोडी कपड्यांची पावडर. चिप्सची फरशी थोडंफार ते पिऊन टाकायची. ही पीत नाही, त्यामुळे सगळा साबण वरच वाळतो, त्यावर धूळ चिकटते, आणि मग अजून जास्त साबण.

मी आणि मावशींनी मिळून एका रविवारी हॉल दोन वेळा नुसत्या कोमट पाण्याने पुसला, दर दोन-तीन टाइलनंतर फडकं पिळून. पहिल्या बादलीला फेस आला, आम्ही साबण टाकलेलाच नव्हता तरी. दुसऱ्या वेळी फरशी मोकळी झाली. तेव्हापासून आधी झाडू, मग अर्ध्या बादलीत अर्धं झाकण साधं फ्लोअर क्लीनर, तेही एक दिवसाआड, मधल्या दिवशी नुसतं पाणी. फडकं सुती होतं ते बदलून मायक्रोफायबरचं आणलं. मावशी आता स्वतःच सांगतात की ही फरशी साबणाने मळते.

उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं तेव्हा पांढरे क्षाराचे ठिपके येतात, त्याला बादलीत एक वाटी पांढरं व्हिनेगर टाकून पुसून लगेच साध्या पाण्याने पुसायचं, पण सारखं नाही, सिमेंटच्या जॉइंटसाठी ते पण ॲसिडच आहे. मॅटच्या बारीक दाण्यांत दाराजवळ काळा मळ बसतो, तो फडक्याने निघत नाही, महिन्यातून एकदा मऊ ब्रश आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब. सणावाराला समईचं तेल सांडलं तर त्याच साबणाने गरम पाणी घेऊन पुसलं की जातं. गौरीच्या वेळी हळद सांडली ती टाइलवरून सहज गेली पण हॉलच्या सिमेंटच्या जॉइंटमध्ये पिवळी रेघ राहिली, मेडिकलमधून हायड्रोजन पेरॉक्साइड आणलं, कापूस भिजवून त्या रेघेवर वीस मिनिटं ठेवला, दोनदा केल्यावर गेली. रांगोळी आता लाकडी पाटावर काढतो, ती दगडाचीच पूड, पायाखाली येऊन घासली जाते, चकचकीत टाइलवर तर त्याने पॉलिश मरतं. कपाटं आणि खुर्च्यांच्या पायांना फेल्ट लावलं आहे.

एक मात्र झालं. पोर्सेलिन कडक आहे म्हणजे फुटत नाही असं नाही, कुकरचं झाकण कडेवर पडलं आणि गॅससमोरच्या टाइलचा तांदळाएवढा टवका उडाला, आतली पांढरट माती दिसायला लागली. जीव्हीटीचं हे आहे, रंग फक्त वरच असतो. उरलेल्या इपॉक्सीत थोडा रंग मिसळून भरलं आहे, वाकून बघितलं तरच दिसतं. माळ्यावर दोन्ही बॅचच्या दोन दोन टाइल जपून ठेवल्या आहेत, मागे मार्करने शेड, बॅच नंबर आणि कोणत्या खोलीची ते लिहून, कारण पाच वर्षांनी ते डिझाइनच बंद झालेलं असतं.

गेल्या महिन्यात गॅलरीच्या कामाचं माप घ्यायला मिस्त्री आले होते. आईने दार उघडलं, पावसाचे दिवस, त्यांच्या पायांचं पाणी हॉलभर झालं, ते अवघडून दारातच थांबले तर आई म्हणाली या हो आत, काही होत नाही, आणि त्याच ओल्या फरशीवरून अनवाणी किचनमध्ये चहा टाकायला गेली. भिंतीला हात न लावता. मिस्त्री गॅलरीकडे जायच्या आधी मागच्या बेडरूममध्ये वळले, खिशातून नाणं काढलं, खाली बसले आणि त्या सहा टाइल एक एक करून कडेकडेने वाजवून बघितल्या.